अण्णांचं लाल इंजेक्शन

अण्णांच्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाही. गेल्या मार्गशीर्षातली सकाळ होती. धारा काढून ते गोठ्यातून घराकडे आले तेव्हा एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. आईनं ओट्यावरून विचारलं, "दुसरी कुठं टाकली?" अण्णांनी खाली बघितलं, आणि बघितल्यावर त्यांना समजलं. उकिरड्यापाशी खडी टाकलेली आहे. तिच्यावरून ते तीस-चाळीस पावलं तसेच चालत आले होते.

मी जनावरांचा डॉक्टर. फलटण तालुक्यात वीस वर्षं गोठ्यांतून फिरतोय. जनावर बोलत नाही, म्हणून ते चालतं कसं, उभं कसं राहतं हे बघायची डोळ्यांना सवय लागलेली असते. त्या दिवसापासून मी अण्णांकडे तसं बघायला लागलो. ते पाय फाकवून चालत होते. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की डावा हात भिंतीकडे जायचा. अंधार पडल्यावर अंगणात उतरायचं टाळायचे. डोळे मिटल्यावर तोल जातो याचा अर्थ पाय कुठे टेकलाय ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

रक्त तपासलं. बी-१२ हे जीवनसत्त्व निघालं मिलिलिटरमागे ९८ पिकोग्रॅम. ते कमी पडलं की नसा झिजतात. त्या लॅबच्या कागदावर खालची मर्यादा दोनशेच्या आसपास छापलेली होती.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली: आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, पुढे महिन्याला एक. मी पहिली काचेची नळी फोडणार, तोच अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. "हे लाल कशानं?" त्यांनी विचारलं. मग थोडं थांबून, "लिव्हरचं न्हाई ना हे?"

अण्णा माळकरी आहेत. एकोणिसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली, त्याला बावन्न वर्षं झाली. मांस-मच्छी सोडाच, अंड्याचा केकसुद्धा त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. आणि त्यांची शंका काही बिनबुडाची नव्हती. त्यांच्या तरुणपणी पांढरे पडलेल्या, धाप लागणाऱ्या माणसांना डॉक्टर खरंच 'लिव्हरचं इंजेक्शन' द्यायचे, आणि ते जनावरांच्या यकृताच्या अर्कापासूनच बनायचं. मी म्हटलं, "नाही अण्णा, हे लिव्हरचं नाही." ते म्हणाले, "मग कशाचं, ते नीट सांग. मग टोच."

मी सांगायला बसलो, आणि सांगता सांगता दोन संध्याकाळी गेल्या. इथे तेच लिहून ठेवतोय.

यकृतापासून सुरुवात करावी लागली. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी दाखवलं की एका जीवघेण्या पंडुरोगात, म्हणजे रक्तक्षयात, रोग्याला रोज भरपूर यकृत खाऊ घातलं तर तो वाचतो. तोवर त्या रोगाला उपायच नव्हता. १९३४ साली त्या दोघांना, व्हिपल या तिसऱ्या संशोधकासह, नोबेल मिळालं. पण यकृतात नेमकं काय आहे ते सापडायला १९४८ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मर्क आणि इंग्लंडमधल्या ग्लॅक्सो या दोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, लाल रंगाचे बारीक स्फटिक निघाले. तेच बी-१२.

अण्णांनी मधेच विचारलं, "म्हणजे जनावराचंच की."

इथे मला माझ्या धंद्याचा आधार घ्यावा लागला. मी म्हटलं, "जनावराच्या यकृतात सापडतं, पण जनावर ते बनवत नाही. आपली म्हैससुद्धा बनवत नाही. झाडही बनवत नाही, बुरशीही बनवत नाही. या पृथ्वीवर ते फक्त जंतू बनवतात." जंतू म्हणजे जिवाणू आणि त्यांचे आर्किया नावाचे दूरचे भाऊबंद. बाकी सगळी जीवसृष्टी त्यांच्याकडून घेते. वाघ हरणाकडून घेतो, पण हरणाला ते पोटातल्या जंतूंनी दिलेलं असतं.

म्हशीच्या चार पोटांतलं पहिलं म्हणजे कोटीपोट. त्यात शंभर-दीडशे लिटर आंबवण सतत ढवळत असतं आणि त्याच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. कडबा पचतो तो म्हशीच्या रसांनी नाही, या जिवाणूंनी. रवंथ करताना म्हैस त्यांच्यासाठीच चारा बारीक करत असते. ब गटातली बहुतेक सगळी जीवनसत्त्वं तिला तिथेच तयार मिळतात. म्हणून आम्ही मोठ्या जनावराच्या खुराकात बी-१२ घाला असं सांगत नाही, कोबाल्ट घाला म्हणतो. एक किलो सुक्या चाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतसुद्धा न येणारा हा धातू. खनिज मिश्रणाच्या पुड्यावर तो लिहिलेला असतो आणि शेतकऱ्याचं त्याकडे कधी लक्ष जात नाही.

ही कोबाल्टची गोष्ट आम्हाला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवली होती आणि मला ती अजून तितकीच आवडते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या काही भागांत मेंढ्या हिरव्यागार गवतात उभ्या राहून झुरून मरायच्या. कुरण गुडघ्याएवढं, पोट भरलेलं, आणि जनावर वाळत चाललंय. लोकांना वाटलं लोह कमी पडतंय. लिमोनाइट नावाचं लोहखनिज चारलं की काही मेंढ्या सुधारायच्या, काही नाही. १९३५ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवूड आणि फिल्मर यांनी त्या खनिजातून लोह काढून टाकलं आणि उरलेला अर्क दिला. मेंढ्या तरीही बऱ्या झाल्या. गुण लोहाचा नव्हताच, त्यातल्या किंचित कोबाल्टचा होता. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्सही याच उत्तराला पोचले.

पण खरी मेख पुढे आहे. कोबाल्ट तोंडावाटे दिला की मेंढी उठते, शिरेतून रक्तात टोचला तर उपयोग होत नाही. असं का, याचा उलगडा बी-१२ सापडल्यावर झाला. त्या लाल स्फटिकाच्या अगदी मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला होता. मेंढीला कोबाल्ट नकोच असतो. तो तिच्या कोटीपोटातल्या जंतूंना हवा असतो, आणि ते त्याचं बी-१२ करून मेंढीला देतात. रवंथ करणाऱ्या जनावराला साखर चाऱ्यातून फारशी मिळत नाही. जंतू प्रोपिऑनिक आम्ल बनवतात, त्यापासून यकृत साखर करतं, आणि त्या वाटेवरच्या एका पायरीला बी-१२ लागतं. ते नसेल तर भरल्या पोटी उपासमार. मेंढ्या मरत होत्या त्या अशा.

अण्णा मेंढ्यांपाशी बराच वेळ थांबले. "तोंडातनं दिलं तर गुण, शिरंतनं न्हाई," असं दोनदा म्हणाले. वीस वर्षं मी त्यांना माझ्या कामातलं काही सांगत आलोय, इतकं लक्ष देऊन त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"पण जंतू बनवत्यात तरी कसं? त्यांस्नी हात ना पाय."

डेअरीच्या पावतीच्या पाठीवर मी बैलगाडीचं चाक काढलं. जिवाणू आधी साध्या अमिनो आम्लापासून एक बारका तुकडा करतो. असे आठ तुकडे, दोन-दोन जोडून चार पाचकोनी कड्या होतात आणि त्या चार कड्या गोलात गुंफल्या की चाक तयार. इथपर्यंतची कृती आपल्या शरीरालाही येते. आपण त्याच चाकाच्या तुंब्याच्या, म्हणजे मधल्या गाभ्याच्या, जागी लोखंड बसवतो, ते रक्ताचं लाल. झाडं मॅग्नेशियम बसवतात, ते पानाचं हिरवं. रक्त, पान आणि बी-१२ एकाच चाकावरून निघालेली भावंडं आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

जिवाणू मात्र पुढे जातो. चाकाच्या कडेला एकेक करून आठ मिथिल गट, म्हणजे एकेका कार्बनचे बारके तुकडे, चिकटवतो, धावेतला एक कार्बन काढून चाक आवळतो, आणि तुंब्यात कोबाल्ट ठोकतो. मग खालून एक टेकू लागतो, वरून एक कडी. टेकूची कथा तर विलक्षण आहे. हवेत जगणारे काही जिवाणू तो टेकू करण्यासाठी बी-२ या दुसऱ्या जीवनसत्त्वाचा रेणू फोडतात. एक व्हिटॅमिन मोडून दुसऱ्याचा खांब करायचा. हे काम करणारं ब्लूबी नावाचं एन्झाइम २००७ साली नीट उलगडलं. सगळ्या मिळून सुमारे तीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला एन्झाइम लागतं. तेही दोन घराण्यांच्या दोन रीती: एक घराणं प्राणवायू वापरतं आणि कोबाल्ट उशिरा बसवतं, दुसरं प्राणवायूशिवाय चालतं आणि कोबाल्ट सुरुवातीलाच बसवून घेतं. या दुसऱ्या रीतीच्या सगळ्या पायऱ्या कळायला २०१३ साल उजाडलं.

माणसानं हे करून बघितलं नाही असं नाही. आधी तो रेणू दिसतो कसा हेच माहीत नव्हतं. डोरोथी हॉजकिन यांनी स्फटिकावर क्ष-किरण टाकून १९५०च्या दशकाच्या मध्याला १८१ अणूंचा हा रेणू उलगडला, १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. मग वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी अमेरिका आणि स्वित्झर्लंडमध्ये मिळून, शंभराच्या आसपास संशोधकांच्या बळावर, अकरा-बारा वर्षं खपून १९७२ साली तो प्रयोगशाळेत बांधून दाखवला. रसायनशास्त्रातलं ते एक शिखरच. पण त्या वाटेनं कुणी औषध बनवत नाही, परवडणारच नाही. आजही जगातलं सगळं बी-१२ मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून काढतात. त्यांना साखर किंवा मळी देतात, कोबाल्टचं मीठ देतात, काही दिवस जोपासतात. प्रोपिओनीबॅक्टेरियम नावाचा जो जिवाणू स्विस चीजला भोकं पाडतो, तोही या कामाला लावतात.

अण्णा पावतीवरचं चाक बघत होते. मग जो प्रश्न आला त्याची मी तयारी केली नव्हती.

"जंतू म्हंजी जीवच की. त्यांस्नी मारून काढत्यात का?"

मी खरं ते सांगितलं. हो. जीवनसत्त्व जिवाणूच्या आत असतं, तापवून त्याची पेशी फोडावी लागते. अण्णा काही बोलले नाहीत. हरिपाठाची वेळ झाली होती, ते उठले. त्या रात्री इंजेक्शन राहिलं. मला भीती होती की माणूस हट्टाला पेटला तर पाय कायमचे जातील, पण त्या माळेचा मान ठेवूनच पुढे जायचं हेही मला पक्कं माहीत होतं.

सकाळी ते ताक घुसळायला बसले होते. रवीची दोरी हातात धरूनच म्हणाले, "इरजणात बी तेच असत्यात ना रे? आपण कढी करतो तवा मरत्यातच." मी हो म्हटलं. "मग टोच," म्हणाले, आणि बाही वर केली.

एक गोष्ट त्यांना मी आपणहून सांगितली. जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूल मिळतात त्यांचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यातून येतं. म्हणून पुढे तोंडावाटे घ्यायची वेळ आली तर गोळी आणायची, कॅप्सूल नाही. माळकरी, जैन, कुणीही पाळत असेल तर एवढं औषधाच्या दुकानात विचारून घ्यावं.

आईचा प्रश्न वेगळा होता. "रोज तांब्याभर ताक पितात, तरी कमी कसं पडलं?" दह्याच्या जिवाणूंवर आपल्या लोकांचा फार विश्वास, आणि तो काही बाबतींत रास्तही आहे. विरजणात बऱ्याचदा दोन जातीचे जिवाणू जोडीनं नांदतात. त्यातला गोल, स्ट्रेप्टोकॉकस जातीचा, फोलेट बनवतो. फोलेट हे ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, गोळीत असतं ते फोलिक आम्ल. लांबट लॅक्टोबॅसिलस ते फोलेट खातो. पण बी-१२ दोघांनाही बनवता येत नाही. दह्यात जे असतं ते दुधातूनच आलेलं, आणि लांबट मंडळी त्यातलंही थोडं खर्च करतात. त्यात ताक म्हणजे एक वाटी दह्याला तीन तांबे पाणी.

आपल्या मोठ्या आतड्यातही बी-१२ बनवणारे जिवाणू आहेत. पण ते शोषून घ्यायची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे वरच्या अंगाला. पाट खालच्या रानात फुटला तर वरचं रान भिजत नाही, तसं ते वाया जातं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८० साली दाखवलं होतं की दक्षिण भारतातल्या काही धडधाकट माणसांच्या लहान आतड्यातही बी-१२ करणारे जिवाणू असतात. पण त्या भरवशावर राहता येत नाही. ससा आपली मऊ लेंडी परत खातो तो खालच्या आतड्यात बनलेलं असं वाया जाऊ नये म्हणूनच. आणि हो, शाकाहारी लोकांना बी-१२ साठी म्हणून स्पिरुलिना, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड, विकतात. त्यात असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं. माझ्या ओळखीच्या दोन घरांत ते महिनोन्महिने चालू होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

बनवणाऱ्या जंतूंवर जनावराचं किती अवलंबून असतं ते मी एका बोकडात बघितलंय. बकरी ईदच्या आधी विकायचा म्हणून मालकिणीनं त्याला पंधरा दिवस मक्याचा भरडा वाढवून वाढवून घातला होता. मला बोलावलं तेव्हा बोकड मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभा होता, डोळे उघडे पण आंधळा, भिंतीवर जाऊन आदळत होता. दाण्यानं कोटीपोट आंबट होतं, बी-१ बनवणारे जंतू मागे पडतात आणि बी-१ तोडणारे माजतात. मेंदूला सूज येते. मी शिरेतून बी-१ दिलं, सहा तासांनी पुन्हा दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो लिंबाच्या डहाळीवर तुटून पडला होता. त्या बाईला मी एवढंच सांगितलं की मका बंद, कडबा सुरू. पोटातले जंतू पुन्हा कामाला लागले की इंजेक्शनची गरज उरत नाही.

अण्णांच्या पोटात मात्र असे कामगार नाहीत. त्यांच्या बाबतीत तीन-चार गोष्टी एकत्र आल्या. मांस नाही, अंडं नाही. साखरेसाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी, जिच्यामुळे बी-१२ नीट शोषलं जात नाही. वय झालं की जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे अन्नातून ते सुटंच होत नाही. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, ती दुधाची. गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय, आणि दूध सगळं डेअरीला. घरात फक्त चहापुरतं. आमच्याकडे घरोघरी हेच आहे. गाईच्या अर्ध्या लिटर दुधात साधारण दोन मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, माणसाची रोजची गरज जवळपास तेवढीच. ते रोज सकाळी किटलीत भरून आम्ही विकत होतो.

आणखी एक चूक झाली होती. दोन वर्षांपूर्वी अण्णांना थकवा आला तेव्हा कुणीतरी बी-१२ न तपासता नुसत्या लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वर आलं, सगळे खूश. फोलेट आणि बी-१२ रक्त बनवायच्या कामात जोडीनं लागतात. एकाची तूट दुसऱ्याच्या भरपूर पुरवठ्यानं झाकली जाते, पण ती फक्त रक्तात. नसांना ते चालत नाही. रक्ताचा कागद चांगला दिसत राहिला आणि आत नसांची वेष्टणं झिजत गेली. घरात कुणाला नुसतं फोलिक आम्ल चालू असेल आणि तो शाकाहारी असेल तर बी-१२ बघून घ्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

फोलेटचा शोध तर आपल्या मुंबईतून सुरू झालेला. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना पंडुरोग का होतो, ते ती परळच्या हाफकिन संस्थेत राहून शोधत होती. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, त्या बऱ्या होतात हे तिनं १९३१ साली छापलं. त्या अर्कातला घटक पुढे १९४१ साली चार टन पालकातून वेगळा केला गेला, तो फोलेट. आमचं महाविद्यालय परळलाच, हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पाच वर्षं मी त्या भागात राहिलो आणि हे नाव मला कुणी सांगितलं नाही.

आणि आपल्याकडे हे घराघरात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं १९९३ पासून अभ्यासली. २००८ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ कुणाचंच कमी नव्हतं. पालेभाजी खाणाऱ्या, दूध विकणाऱ्या गावांत दुसरं काय होणार?

आता दहा महिने झाले. अण्णांच्या बोटांतल्या मुंग्या गेल्या. तळव्यांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही, कदाचित जाणारही नाही, इतकी वर्षं झिजलेल्या नसा आहेत. मोरीत हात भिंतीला जात नाही. आषाढात माउलींची पालखी आली तेव्हा ते तरडगावपासून फलटणपर्यंत दिंडीत चालले, पायात मागे पट्टा असलेल्या सँडल घालून. मी मोटरसायकलवरून मागे मागे होतो, त्यांना न सांगता.

महिन्याच्या इंजेक्शनला ते स्वतःच आठवण करतात. परवा शेजारचे तात्या बसले होते. त्यांनीही विचारलं, लाल कशानं. अण्णांनी खिशातून डेअरीची पावती काढली, उलटी केली आणि चाक काढायला घेतलं. "हा तुंबा बघ," म्हणाले, "ह्यो कोबाल्टचा."

सकाळी किटली भरण्याआधी आई आता अर्धा लिटर दूध बाजूला काढते.